पगार, बदली आणि संसार : वाघोडिया महाल व बडोद्यातील मराठी नोकरदार



बडोद्याच्या इतिहासावर बोलावयाचे ठरले, की वक्त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम लक्ष्मीविलास राजवाडा उभा राहतो. पाठोपाठ श्रीमंत सयाजीराव महाराज, सक्तीचे शिक्षण, कलाभवन, ग्रंथालये ही मालिका येते. ती यावी हे योग्यच आहे. परंतु या मालिकेत एक माणूस नेहमी वगळला जातो. महाराजांचा हुकूम सुटल्यावर तो नकलून काढणारा, गावोगाव पोहोचविणारा, त्याची अंमलबजावणी झाली की नाही याचे तक्ते भरणारा आणि संध्याकाळी दप्तर बांधून घरी जाणारा असा हा माणूस होता. तो बहुधा कारकून होता, किंवा शिक्षक, किंवा ओव्हरसियर. त्याला घर होते, मुले होती, कर्ज होते आणि बदलीची धास्ती होती. आज आपण राजवाड्याच्या महाद्वारातून आत न शिरता, बडोद्याच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरांवर असलेल्या वाघोडियाच्या महाल कचेरीच्या वाटेने या इतिहासात शिरू.

वाघोडिया हे नाव आजच्या बडोदेकराला प्रथम आठवते ते एका रस्त्याचे म्हणून. पाणीगेटाबाहेर पडून पूर्वेकडे निघालेल्या या रस्त्यावर गेल्या काही दशकांत सोसायट्या उभ्या राहिल्या आणि 'वाघोडिया रोड' हा पत्ता शहराचाच झाला. रस्ता ज्या गावाला जातो ते गाव मात्र पत्ता सांगणाऱ्याच्या मनातही नसते. संस्थानी काळात स्थिती नेमकी उलट होती. वाघोडिया हा बडोदे प्रांतातील एक महाल होता आणि 'वाघोडियास नेमणूक झाली' या तीन शब्दांनी एखाद्या कुटुंबाचे पुढील तीन-चार वर्षांचे आयुष्य ठरून जात असे.

येथे संस्थानाची ठेवण थोडी समजून घेतली पाहिजे. बडोदे संस्थान हा एकसंध प्रदेश नव्हता. बडोदे, कडी (पुढे मेहसाणा), नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत होते, आणि ते एकमेकांपासून तुटलेले होते. मध्ये कोठे ब्रिटिश मुलूख, कोठे दुसरी संस्थाने. नवसारीकडचा कारकून अमरेलीस निघाला, की वाटेत किती राजवटींच्या हद्दी ओलांडाव्या लागतील याची मोजदाद त्यालाच करावी लागे. पश्चिमेचे शेवटचे टोक म्हणजे ओखामंडळ, द्वारकेचा समुद्र. तेथील बदलीचे वर्णन त्या काळच्या बायका कोणत्या शब्दांत करीत असतील याची कल्पना करणे अवघड नाही. त्या मानाने वाघोडिया हे भाग्याचे ठाणे म्हणावे लागेल. राजधानी बैलगाडीने दिवसभराच्या मजलेवर होती. सणावाराला घरी जाता येत असे. मुलगा हायस्कुलात गेला की त्याला बडोद्यास नातेवाइकांकडे ठेवता येत असे. अर्थात ही सोय दुधारी होती. जो मुलगा नातेवाइकांकडे राहिला त्याच्या जेवणाखाणाचे उपकार घरातील बाईला पुढे अनेक लग्नकार्यांत राबून फेडावे लागत.

मराठी माणूस येथे आला तो तलवारीबरोबर. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले आणि पागा, शिलेदार, पुरोहित, फडणीस, आचारी, गवई असा सारा परिवार मागोमाग आला. स्थानिक लोक त्यांना 'दक्षिणी' म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तलवारीचे काम संपले होते. १८७५ नंतर दिवाण टी. माधवराव यांनी कारभाराची घडी बसविली, १८८१ साली सयाजीरावांनी अधिकारसूत्रे हाती घेतली, आणि सरंजामाच्या जागी पगार आला. हा बदल आपल्या इतिहासग्रंथांत एका वाक्यात संपतो. घरात मात्र तो फार खोल गेला. सरंजाम पिढीजात असतो, पगार माणसाबरोबर संपतो. शिलेदाराच्या नातवाला प्रथमच परीक्षा द्यावी लागली, आणि नापास झाल्याची लाज प्रथमच घरात आली.

पगार प्रारंभी बाबाशाही रुपयांत मिळे. हा गायकवाडी रुपया इंग्रजी रुपयापेक्षा कमी किमतीचा होता, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या आप्तांना पैसे पाठविणाऱ्यास प्रत्येक वेळी वटावाचा हिशेब करावा लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी बाबाशाही चलन काढून घेण्यात आले. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हा चलनव्यवस्थेचा प्रश्न होता, गृहिणीच्या दृष्टीने मात्र तो डाळ-तांदळाच्या भावाचा प्रश्न होता.

कचेरीची भाषा गुजराती आणि घराची मराठी, ही बडोद्याच्या मराठी नोकरदाराची खरी ओळख. महालाच्या पातळीवर रयतेशी व्यवहार गुजरातीतच होत असे आणि ते न्याय्यच होते. शेतकऱ्याला न समजणाऱ्या भाषेत त्याचा सारा ठरविणे हा जुलूमच ठरला असता. परिणामी मराठी कारकून दिवसभर गुजरातीत लिही, जुनी कागदपत्रे मोडीत वाची आणि रात्री मुलांकडून पाढे मराठीत म्हणवून घेई. या तीन लिप्यांच्या संसारातून बडोद्याची एक वेगळीच मराठी जन्मली. पुण्याचा पाहुणा 'चोपडी' या शब्दावर हसला, तरी बडोद्याच्या मुलाला पुस्तक म्हणजे चोपडीच वाटे. (आणि ज्या पदार्थाशिवाय बडोदेकराची रविवार सकाळ सुरू होत नाही त्या 'सेव-उसळी'त शेव त्यांची आणि उसळ आपली, हा करार कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसला तरी अद्याप टिकून आहे.) राज्यकारभारातील शब्दांसाठी १९३१ साली 'श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरू' हा अनेक भाषांतील प्रतिशब्द देणारा कोश सिद्ध झाला. त्यामागे विद्वानांची समिती होती हे खरे. पण अशा कोशाची गरज प्रथम ज्याला भासली असेल तो अशाच एखाद्या महालातील, दोन भाषांत अडकलेला कारकून असावा, असे मला नेहमी वाटते.

आता चढउतारांकडे वळू. त्यांतील सर्वांत भयंकर उतार म्हणजे विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ. गुजरातेत तो 'छप्पनियो' या नावाने अजून स्मरणात आहे. इसवी सन १८९९ चा पाऊस गेला. १८९१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी. सर्व मृत्यू दुष्काळाचेच होते असे नाही, प्लेग आणि पटकीही होती, काही लोक देशांतरासही गेले असतील. तथापि पाच माणसांमागे एक नाहीसे होणे म्हणजे काय, हे आकड्यावरून कळत नाही. ओसाड पडलेल्या घरांची यादी ज्याला करावी लागली त्यालाच ते कळले असेल. गुरे मेली, नांगर थांबले. महालांतून दुष्काळी कामे उघडली गेली, तगाई वाटली गेली, आणि दुष्काळी कामावर आलेल्या माणसांची हजेरी घेणे हे कारकुनाचे काम झाले. त्याचा पगार चालू होता. पगार चालू असणे ही त्या वर्षी केवढी मोठी गोष्ट होती, हे त्याच्या पुढच्या तीन पिढ्या विसरल्या नाहीत. 'नोकरी सरकारी हवी' हा मराठी घरातील मंत्र आपण आळशीपणाचे लक्षण मानून टीकेचा विषय करतो. मला ती टीका उथळ वाटते. ज्याने छप्पनच्या साली दारातून जाणारी माणसे पाहिली, त्याने मुलाला दुकान काढण्याचा सल्ला दिला नाही, यात नवल ते काय?

त्याच वाघोडिया तालुक्याच्या भूमीवर दुष्काळापूर्वी एक मोठे काम पुरे झाले होते. आजवा येथील सयाजी सरोवर! १८८५ साली कामास आरंभ झाला आणि १८९२ साली ते पूर्ण झाले. अभियंता होते जगन्नाथ सदाशिवजी. शुद्ध पाणी नळाने राजधानीत येऊ लागले. शहरातील मराठी वाड्यांत विहिरीवरून पाणी शेंदण्याचे, पहाटेच्या अंधारात घागरी वाहण्याचे जे काम सुनांच्या वाट्यास येत असे, ते हलके करणारी ही घटना होती. स्त्रियांच्या उन्नतीच्या इतिहासात कायद्यांचा उल्लेख येतो, नळाचा येत नाही. वाघोडियास बदलून आलेल्या कारकुनाच्या पत्नीला मात्र शहरातल्या नळाची सवय मोडून पुन्हा दोर हाती घ्यावा लागला असणार. ज्या तालुक्यात तळे, त्याच तालुक्यात घागर!

सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत झाला आणि १९०६ मध्ये कायदा सर्व संस्थानास लागू झाला. मुलग्यांना सात ते बारा, मुलींना सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. न पाठविल्यास पालकास दंड. देशात प्रथमच घडलेल्या या गोष्टीचा आपणास सार्थ अभिमान आहे. परंतु वाघोडियासारख्या शेतीच्या महालात या कायद्याचा अर्थ काय होता? कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील आठ वर्षांचे मूल म्हणजे दोन हात. ते हात शाळेत गेले तर मजुरी बुडे, न गेले तर दंड बसे. शिक्षकाला हजेरीपट भरावयाचा, गैरहजरांची यादी पाठवावयाची आणि मग त्याच गावात, दंड झालेल्या माणसाच्या शेजारी राहावयाचे. शिक्षकाच्या पेशातील ही कोंडी शाळेच्या सभागृहात बोलताना सांगितलीच पाहिजे. कायदा करणाऱ्याचे नाव अजरामर झाले. रोष सोसला तो मास्तरांनी.

१९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचीही कथा तशीच. मुलीस बारा आणि मुलास सोळा ही किमान वये आज आपणास धक्कादायक वाटतील, पण त्या काळी तीच पुष्कळ वाटली. लोकांनी वाट शोधली : लग्न लावावयाचे आणि दंड भरावयाचा. दंडाची रक्कम लग्नखर्चातच धरली जाऊ लागली. नोकरदाराला ही वाट मोकळी नव्हती. सरकारच्या कचेरीत बसून सरकारचा कायदा मोडणे त्याला परवडणारे नव्हते. आणि मुलगी घरात 'वाढली' म्हणून नातेवाइकांची बोलणीही त्यालाच ऐकावी लागत. एका अर्थी या सुधारणा प्रथम नोकरदारांच्या घरांत रुजल्या त्या तत्त्वनिष्ठेने नव्हे, नोकरीच्या धाकाने. त्यामुळे त्यांचे मोल उणे होते असे मी मानीत नाही.

उन्हाळ्याच्या दुपारी घरात वाचावयास काही असणे हे मात्र निखळ सुख होते. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांस आणवून महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. गावकऱ्यांनी काही वर्गणी जमवावी, तितकीच भर सरकारने व प्रांत पंचायतीने घालावी, अशी योजना होती. ज्या गावी ग्रंथालय नसे तेथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी जाई. पेटी आली, की ती उघडण्यास जमणाऱ्यांत लहान मुले आघाडीवर असणार, हे सांगावयास पुरावा लागू नये.

या साऱ्या चित्रात एक काळीकुट्ट रेघ आहे, आणि ती न दाखविता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार नोकरी करण्यासाठी १९१७ साली बडोद्यास आले. नोकरी होती, पद होते, घर नव्हते. हिंदू खाणावळीत जागा मिळेना, म्हणून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला; तेथूनही अकराव्या दिवशी जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाई फायली दुरून टाकीत. अखेर कामाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी नगर सोडण्याचा निश्चय केला. पगार, बदली आणि संसार ही माझ्या विषयाची त्रिसूत्री आहे. पगार देणे राजाच्या हाती होते. संसारास जागा देणे समाजाच्या हाती होते, आणि आपल्या पूर्वजांच्या समाजाने ती दिली नाही. ज्या बिऱ्हाडांच्या सुखदुःखांचे वर्णन मी आतापर्यंत आत्मीयतेने केले, त्यांचे दरवाजे त्या दिवशी बंद होते.

नोकरीच्या ओझ्याखाली कोणी मोठे काम करू शकतो काय, असा प्रश्न तरुण शिक्षक मला विचारतात, तेव्हा मी रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे उदाहरण देतो. १८८९ साली ते बडोदे सरकारच्या सेवेत आले; महाराजांना वाचून दाखविणे, राजपुत्रांना शिकविणे, दौऱ्यावर बरोबर जाणे ही त्यांची कामे. शिकविण्यासाठी टिपणे काढता काढता त्यातून रियासतीचे खंड उभे राहिले. १९२५ साली ते निवृत्त झाले. याच सुमारास जर्मनीत शिकत असलेला त्यांचा बुद्धिमान पुत्र श्यामकांत परक्या भूमीत मरण पावला. पुढे त्यांनी कामशेतास राहून पेशवे दप्तराच्या संपादनाचे अवाढव्य काम उरकले. रियासतींचे खंड चाळताना या घरगुती दुःखाचा मागमूस लागत नाही. एवढा संयम इतिहासकारास लागतो की पित्यास, हे मी ठरवू शकलेलो नाही.

स्त्रियांच्या कामाविषयी आपली कागदपत्रे मुकी आहेत. पगारपत्रकात त्यांचे नाव नाही. परंतु नवरा दौऱ्यावर असता महिन्याचा किराणा भागविणारी, बदलीच्या वेळी लोणच्याच्या बरण्या गवतात बांधून गाडीत घालणारी, गुजराती शेजारणीकडून पापड-खाकऱ्याची कृती शिकून तिला पुरणपोळी शिकविणारी तीच होती. विधवेच्या वाट्यास तर दिराच्या घरचे स्वयंपाकघर येई. १९१४ साली महाराणी चिमणाबाईंच्या नावाने निघालेल्या स्त्री उद्योगालयाने शिवण, भरतकाम अशा हातच्या कामाला प्रथमच दाम मिळवून दिला. दाम थोडा होता. पण तो तिच्या हातात पडत होता.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्याच वर्षी ३० एप्रिलला, म्हणजे अगदी आदल्या दिवशी स्थापन झाले होते. राज्य गेले आणि विद्यापीठ राहिले, हा योगायोग बडोद्याच्या मराठी मध्यमवर्गाला तारून गेला असे मला वाटते. कारण त्या दिवशी पायाखालची जमीन खरोखरच सरकली होती. ज्येष्ठतेच्या याद्या नव्याने लागणार होत्या, खाती मोडणार होती, खानगी खात्यावर अवलंबून असलेल्यांचे काय होणार हे कोणास ठाऊक नव्हते. पूर्वी लांबची बदली म्हणजे ओखा. आता मुंबई राज्यात रत्नागिरीपासून धारवाडपर्यंत सारा मुलूख पसरला होता. ११ वर्षांनी, १ मे १९६० रोजी, पुन्हा एकदा सीमा फिरल्या आणि बडोदे गुजरात राज्यात आले. ज्यांना मुंबईकडे जावयाचे होते ते गेले. जे राहिले त्यांनी मुलांना विज्ञान शाखेत घातले.

ही निवड दूरदृष्टीची ठरली. १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर व अमीन यांनी स्थापिलेल्या अलेंबिकने औद्योगिक बडोद्याचा पाया घातलाच होता. १९६० नंतर खतांचा कारखाना आला, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ साली आयपीसीएलची स्थापना झाली. कारकुनाचा नातू केमिस्ट झाला, ऑपरेटर झाला, फिटर झाला. दप्तराच्या जागी डबा आला आणि दहा ते पाचच्या जागी तीन पाळ्या आल्या. घरातील झोपेचे वेळापत्रक बदलले. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलेला असता पोरांनी कुजबुजत खेळावयाचे, ही शिस्त आपल्यापैकी अनेकांनी पाळली असेल. गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम कोणाची दुपारपाळी आहे हे पाहून ठरू लागली.

आणि येथे वाघोडिया पुन्हा आपल्या कथेत प्रवेश करतो. वाघोडियास औद्योगिक वसाहत उभी राहिली, जवळच्या लिमडा येथे टायरचा मोठा कारखाना आला, पुढे त्याच तालुक्यात विद्यापीठे निघाली. ज्या वाटेने बदलीची बैलगाडी जात होती तीच वाट आता कंपनीच्या बसगाड्यांनी भरली. आजोबा आठवड्याचे सामान बांधून गेले होते. नातू पहाटे जाऊन संध्याकाळी परत येतो. खानदेशातून नव्याने आलेली मराठी कुटुंबेही याच रस्त्यावर स्थिरावली. जुन्या 'दक्षिणी' घराण्यांशी त्यांचा रोटीव्यवहार फारसा नाही, पण बसथांब्यावर दोघे मराठीतच बोलतात.

'कायमची नोकरी' या शब्दावरील श्रद्धेला दुसरा हादरा बसला तो २००२ साली, आयपीसीएलमधील सरकारी भांडवलाचा मोठा हिस्सा रिलायन्स समूहाकडे गेला तेव्हा. २००७ मध्ये ती कंपनीच त्या समूहात विलीन झाली. पन्नाशीतील माणसे स्वेच्छानिवृत्तीचे कागद घेऊन घरी आली. १९४९ आणि २००२ या दोन प्रसंगांची तुलना कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. परंतु 'विलीनीकरण' हा एकच शब्द एकाच शहरात दोन पिढ्यांच्या स्वयंपाकघरांत त्याच चिंतेने उच्चारला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. फरक एवढाच, की १९४९ च्या माणसाला दुसरे सरकार मिळाले. २००२ च्या माणसाच्या मदतीस बहुधा पत्नीचा शिकवणीवर्ग, तिची शाळेतील नोकरी किंवा तिचे डबे आले. पगारपत्रकात जिचे नाव नव्हते तिच्या पगारावर घर चालले.

बडोद्याने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली भरविली. पहिली तीन भरली तेव्हा घरोघर मराठी शाळेत जाणारी मुले होती. चौथे भरले तेव्हा मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत चालले होते. याविषयी खेद करणाऱ्यांत मीही आहे. मात्र दोष एकट्या पालकांवर ठेवण्यास माझे मन धजत नाही. कचेरीची भाषा जी असेल ती मुलाला शिकवावयाची, हे या घरांनी संस्थानी काळापासूनच केले. तेव्हा संध्याकाळचे पाढे मराठीत होते. आता संध्याकाळ शिकवणीवर्गात जाते.

जाता जाता माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. आपल्या घरांत माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका असतील. त्यांत आजोबांचे बदलीचे हुकूम, पणजीची जमाखर्चाची वही, निवृत्तिवेतनाची पुस्तिका, विलीनीकरणाच्या वेळचे अर्ज असे काही ना काही सापडेल. मोडी वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत घालू नका. राजवाड्याची दप्तरे सुरक्षित आहेत. वाघोडियास बदलून गेलेल्या घराने त्या महिन्यात तूप किती आणले आणि कोणाकडून उसने घेतले, याची नोंद त्या वहीखेरीज दुसरीकडे कोठेही नाही. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट रिकामे करून देण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. किल्ली ग्रंथपालांकडे राहील, आणि वहीच्या आतल्या पानावर घराण्याचे नाव व गावे तेवढी लिहून द्यावीत.